स्फोटाआधीचे भुयार

दवाखान्यात गेली अठ्ठावीस वर्षे जे शब्द मी नित्य ऐकत आलो, त्यांत ‘अचानक’ या शब्दाचा क्रमांक फार वरचा आहे. ‘डॉक्टर, अचानक छातीत कळ आली.’ ‘अचानक कुकर उडाला.’ ‘पोट दुखत होते, पण अचानक थांबले म्हणून आलो नाही.’ मागच्या पंधरवड्यात एक सून म्हणाली, “आमचे नाना अचानक भडकले हो, एरवी किती शांत असतात!” ती हे सांगत होती तेव्हा नानांच्या ईसीजीचा कागद यंत्रातून बाहेर सरकत होता. त्यांची हकिगत मी शेवटी सांगणार आहे. तत्पूर्वी या ‘अचानक’विषयी थोडे बोलावयाचे आहे, कारण जसजसे वय वाढते तसतसा माझा त्या शब्दावरील विश्वास कमी होत चालला आहे.

आपल्या नगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सन १५९५च्या अखेरीस शाहजादा मुराद याच्या मोगल फौजेने त्याला वेढा घातला, तेव्हा आत चांदबीबी होती. तट सरळ हल्ल्याने पडेना, म्हणून मोगलांनी तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासण्यास प्रारंभ केला. ही बातमी मोगलांच्याच छावणीतून किल्ल्यात पोहोचली. किल्ल्यातील लोकांनी आतून खणत जाऊन ती भुयारे शोधली आणि दोहोंतील दारू काढून घेतली. तिसरे रिकामे करण्याचे काम चालू असतानाच त्याला बत्ती लागली आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी हातात तलवार घेऊन स्वतः त्या खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले, असे इतिहास सांगतो. शाळेत आपल्याला तलवार घेतलेली चांदबीबी शिकवतात. वैद्यकाच्या व्यवसायात आल्यावर मला मात्र दारू काढून घेतलेली ती दोन भुयारे अधिक महत्त्वाची वाटू लागली. जे स्फोट झाले नाहीत, त्यांची चित्रे कोणी काढत नाही.

तटाखालची दारू काही एका क्षणात जमली नव्हती. कोणी तरी अनेक दिवस खणत होते, पोती वाहत होते, तोंड बुजवत होते. बत्ती हा त्या कामाचा केवळ शेवटचा निमिष. बंदुकीची दारू उघड्यावर पसरून पेटविली तर ती फुसकन जळून जाते. तीच कागदाच्या घट्ट वेष्टनात बांधली की फटाका होतो. जळताना निर्माण होणाऱ्या तप्त वायूला वाट मिळाली नाही, म्हणजे तो वाट करून घेतो. साठा, कोंडी आणि ठिणगी या तिहींच्या मेळाला आपण स्फोट म्हणतो. आणि दोष मात्र बहुधा एकट्या ठिणगीला देतो, कारण डोळ्यांना तेवढीच दिसते.

आपल्या भाषेत ‘फुटणे’ आणि ‘स्फोट’ हे शब्द एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. फणसाला पालवी फुटते, विहिरीला पाझर फुटतो, मुक्याला वाचा फुटते, आणि गळूही फुटते. कोंडलेले बाहेर येणे हे सर्वकाळ वाईटच असते असे नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे. असो.

आता स्वयंपाकघरात चला. ‘सिलिंडरचा स्फोट’ असा मथळा आपण वर्तमानपत्रांत वाचतो, परंतु पुष्कळदा सिलिंडर फुटलेलेच नसते. फुटलेली असते ती खोली. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत, ओट्याखाली, फडताळाच्या तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की ती हवा पेट घेण्याजोगी होते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीचा हिशेब केला, तर तेवढ्यासाठी सुमारे एक किलो वायू पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. शिवाय तो खालीच साचत असल्याने प्रत्यक्षात याहूनही कमी पुरेल. वायूला स्वतःचा वास नसतो. कुजलेल्या कोबीसारखा जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. ही चांदबीबीला मिळालेली छावणीतली बातमीच समजा. ती मिळाल्यावर काय करावयाचे नाही, हे प्रथम लक्षात ठेवा: दिवा लावावयाचा नाही, आणि लागलेला असल्यास तो विझवावयाचाही नाही. पंखा, एक्झॉस्ट, फ्रिज, दारावरची बेल, यांपैकी कशालाही हात लावू नये. बटणाच्या आत सूक्ष्म ठिणगी पडतेच. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, देवघरातील समई तेवत असेल तर तिच्याकडे वायू पोहोचण्यापूर्वीच ती शांत करावी, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. घरात राहून मोबाईलवर बोलत बसू नये.

भुयार शोधण्याचे काम मात्र आजच करता येईल. शेगडीच्या केशरी नळीवर तिची मुदत छापलेली असते; ती पाहा. सिलिंडरच्या मानेजवळील पट्टीवर अ, ब, क, ड यांच्या जागी इंग्रजीतील पहिल्या चार अक्षरांपैकी एक आणि वर्षाचे दोन अंक असतात. अक्षर त्या वर्षाची तिमाही दाखवते आणि त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढील तपासणी व्हावयास हवी असते. मुदत उलटलेले सिलिंडर दारातूनच परत करण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझ्या अनुभवात हा अधिकार वापरणारे घर विरळा. नळी बदलण्याचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा असतो, हे मी किती जणांना सांगितले असेल!

कुकरची गोष्ट याच कुळातील. पाण्याची वाफ होताना तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती कोंडली म्हणून आत दाब वाढतो, पाणी शंभरऐवजी साधारण एकशेवीस अंशांवर उकळते आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे ओट्यावर आपण रोज एक आवरलेला स्फोटच करीत असतो. तो आवरणारी शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने किंवा पालेभाजीच्या देठाने बुजली आणि जुना सेफ्टी व्हॉल्व्ह कामाचा राहिला नाही, की मग ‘अचानक’ कुकर उडतो. डाळ असेल तर कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, आणि झाकण लावण्यापूर्वी नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. मी पाहिलेल्या बहुतेक जखमा मात्र कुकर फुटल्याच्या नसून घाईने झाकण उघडल्याच्या आहेत. मुलाची शाळेची गाडी दारात उभी असते आणि आई झाकणाशी झटापट करीत असते.

आणि भाजलेच तर? येथे खिंडार बुजविण्याचा प्रश्न येतो आणि येथेच आपण सर्वांत अधिक चुका करतो. परवा एक बाई हातभर टूथपेस्ट लावून आल्या. ती धुऊन काढताना त्यांना भाजण्याइतक्याच वेदना झाल्या असतील. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ, यांतले काहीही नको. नळाचे साधे वाहते पाणी, घड्याळ लावून वीस मिनिटे. दोन मिनिटांत दाह थांबल्यासारखा वाटतो, तरी वीस मिनिटे. त्वचेच्या खालच्या थरात उष्णता पुढे शिरतच असते, तिला पाणी अडवते. ताबडतोब जमले नाही तरी पहिल्या तीन तासांत केलेले हे काम उपयोगी पडते. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून घ्यावे. अंगाला चिकटलेले कापड ओढू नये. नंतर स्वच्छ सुती कापड सैलसर झाकावे. लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर न भाजलेले अंग पांघरुणात ठेवावे, अन्यथा ते गारठते. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील, तर श्वासमार्ग आतून सुजण्याचे भय असते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात मलमपट्टी करीत बसू नये; १०८ची रुग्णवाहिका बोलावून थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आपला जिल्हा अवर्षणाचा. पावसाने पाठ फिरवली की येथे विहिरी खोल जाऊ लागतात, आणि विहीर खोल जाते ती जिलेटिनच्या कांड्यांनी. बार उडविणाऱ्या मजुरांचे काम मी जवळून पाहिले आहे. मोकळ्या रानात स्फोटाची लाट पसरत जाऊन विरते. विहिरीत ती भिंतींवर आपटून परत येते. अशा लाटेने कानाचा पडदा फाटतो, फुफ्फुसाला आतल्या आत इजा होते, आणि बाहेर एक ओरखडाही दिसत नाही. ‘काही लागले नाही, थोडे कान वाजतात’ असे सांगून घरी गेलेल्या माणसाला काही तासांनी धाप लागू शकते. म्हणून बंदिस्त जागेतील स्फोटाजवळ असलेल्या प्रत्येकाची तपासणी झालीच पाहिजे, मग तो कितीही धडधाकट दिसो. कानात तेल घालण्याची आपली सवय येथे घातक ठरते. कोरडा ठेवलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेल किंवा पाणी गेले की पिकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण तीत जीव जातो. बार उडाल्यावर विहिरीच्या तळाशी धूर थांबतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, नायट्रोजनचे विषारी वायू असतात. लवकर खाली उतरलेला मजूर तेथेच कोसळतो आणि त्याला काढावयास दोर धरून उतरलेला भाऊही. नायट्रोजनचे वायू तर अधिक कपटी आहेत. त्या दिवशी केवळ खोकला येतो, माणूस जेवतो, झोपतो, आणि मध्यरात्री त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरते. ज्यांच्या शेतात असे काम चालू आहे, त्यांनी ठेकेदाराची घाई ऐकू नये. विहिरीत हवा खेळवून पुरेसा वेळ जाऊ द्यावा, किती बार भरले आणि किती उडाले हे मोजावे, आणि न उडालेल्या बाराच्या भोकात पुन्हा पहार घालू देऊ नये. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना वेगळे सांगणे न लगे, तरीही सांगतो: रानात सापडलेला गोळा म्हणजे भंगार नव्हे. तो जागेवरच ठेवून पोलिसांना कळवावे. चार पैशांच्या पितळेपायी माणसे गेली आहेत.

धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत पुष्कळदा वेळ असतो, हे महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि तसाच कापसाच्या गाठींचा साठा. दुपारी दोनच्या सुमारास आगीची वर्दी झाली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. मधले दोन तास अग्निशामक जवान पाणी मारीत राहिले, परंतु जहाज तेथेच बुडवावे की समुद्रात न्यावे, हा निर्णय वेळेत कोणी घेतला नाही. अग्निशामक दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून आपण जो अग्निशमन सप्ताह पाळतो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

ते दोन तास मला अपेंडिक्सच्या रुग्णांत नेहमी आठवतात. कोपरगावकडील एका शेतकऱ्याचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. बेंबीभोवती दुखू लागले, रात्रीतून दुखणे उजवीकडे खाली सरकले, उलटी झाली, ताप आला. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली आणि पोट गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुखणे एकदम उतरले. आजीने देवापुढे साखर ठेवली. वस्तुतः त्याच क्षणी आत अपेंडिक्स फुटले होते. ताण सैल झाला म्हणून वेदना उतरली आणि पू पोटभर पसरू लागला. संध्याकाळी मुलगा माझ्यापुढे आला तो काळवंडलेला, जीभ कोरडी आणि पोट फळीसारखे ताठ. तो वाचला, परंतु अठरा दिवस रुग्णालयात राहिला आणि त्याची बारावीची परीक्षा बुडाली. पोटात सतत राहणारे, जागा बदलून उजवीकडे स्थिरावलेले दुखणे म्हणजे धूर आहे. ते शेकू नये, गोळीने दडपू नये, आणि उपचाराविना एकदम थांबले तर अधिकच घाबरावे. मेंदूतील रक्तवाहिनी फुटते तेव्हाची डोकेदुखीही अशीच ओळखू येते: क्षणार्धात शिखर गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी. तिच्यासाठी सकाळची वाट पाहावयाची नसते.

आता नाना. वय चौसष्ट, शेती बागायत, स्वभाव शांत. चुलतभावाशी बांधावरून बोलाचाली झाली, नाना संतापाने थरथरले, घरी येऊन ओसरीवर बसले आणि तासाभरात छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागले. रागाचा भडका आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध आता केवळ कादंबरीतला राहिलेला नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले, तेव्हा संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीच्या जवळजवळ पाचपट होतो असे दिसले. निरोगी तरुणाच्या बाबतीत शून्याजवळच्या आकड्याची पाचपट ही फारशी नव्हे. परंतु रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी ज्याच्या तटाखाली आधीच दारू भरली आहे, त्याच्यासाठी ती बत्ती आहे.

शेजाऱ्याने तत्परता दाखवून खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी नानांच्या जिभेखाली ठेवली. नाना उभे होते. ते घेरी येऊन खालीच बसले, दाब ९०वर आलेला. या गोळीचे घराणे मोठे नवलाचे आहे. १८४७मध्ये इटलीत सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन तयार केले आणि ते चाखून पाहताच त्याचे डोके ठणकू लागले. तेच द्रव्य हाताळताना झालेल्या स्फोटात १८६४ साली आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला. नोबेलने मग ते मातीत मुरवून डायनामाइट केले. पुढे हृदयशूळावर तेच औषध ठरले, कारण ते रक्तवाहिन्या सैल करते. १८९६मध्ये खुद्द नोबेलला त्याच्या डॉक्टरांनी ते घेण्यास सांगितले. औषधात त्याचे नाव बदलून ‘ट्रायनिट्रिन’ केले होते, दुकानदार आणि गिऱ्हाईक घाबरू नयेत म्हणून. सॉर्बिट्रेट हे त्याच्याच कुळातले. ते दाब उतरवते, म्हणून बसवून किंवा आडवे करून, दाब पुरेसा आहे हे पाहून, आणि शक्यतो ज्याला ते आधी लिहून दिले आहे त्यालाच द्यावे. लैंगिक शक्तीची गोळी घेतलेल्यास तर मुळीच देऊ नये. शेजाऱ्याची गोळी म्हणजे प्रथमोपचार नव्हे.

नानांची धमनी नगरला त्याच रात्री मोकळी करण्यात आली. चार दिवसांनी ते भेटावयास आले तेव्हा मी भुयाराची चौकशी केली. रक्तदाबाची गोळी फेब्रुवारीत सोडलेली, ‘बरे वाटते म्हणून’. बांधाचा वाद आठ महिन्यांचा. तीन महिने रात्री दोन वाजता जाग येत होती. जिना चढताना दोनदा छाती भरून आलेली. ती गॅसेसवर घातली. यातले काहीही सुनेला माहीत नव्हते; ती ‘अचानक’ म्हणाली ते तिच्या दृष्टीने खरेच होते.

त्यांचा मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, नाना मनात ठेवतात, म्हणून हे झाले ना? बोलून मोकळे व्हायला पाहिजे होते.” हे मत सर्वत्र ऐकू येते: माणूस म्हणजे कुकर, शिट्टी होऊ द्यावी. मीही पूर्वी असेच सांगत असे. आता सांगत नाही. उशी बदडणे, ओरडणे, धावत सुटणे यांनी राग ओसरत नाही असे आता पुष्कळ अभ्यासांतून पुढे आले आहे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीडशेहून अधिक अभ्यासांच्या आढाव्यात तर दीर्घ श्वसन, शवासन, ध्यान अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनीच राग कमी झालेला आढळला. राग ही वाफ नव्हे. ओरडण्याने ती संपत नाही, उलट नाडी आणि दाब दोन्ही चढतात. कुकरचीच उपमा हवी असेल तर शिट्टी वाजू देण्यापेक्षा गॅस बारीक करणे बरे. ओसरीवर बसून सावकाश सोडलेले दहा श्वास आणि ‘यावर उद्या बोलू’ हे तीन शब्द. मनातले बोलणे वेगळे आणि भडकणे वेगळे. नानांनी आठ महिन्यांत मुलाशी एकदा शांतपणे बोलून घेतले असते तर ते पाझर फुटण्यासारखे झाले असते.

बांधाची मोजणी करावयास सरकारी माणसे येत्या २२ तारखेला येणार आहेत. नानांनी त्या दिवशी शेतावर जाऊ नये, थोरल्या मुलाने जावे, असे मी त्यांच्या कागदावर औषधांच्या खाली पाचव्या क्रमांकाला लिहून दिले आहे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, “ही गोळी किती दिवस घ्यायची, डॉक्टर?”